इंदुरात बंगल्यामागचं टर्फ कोर्ट: एका पावसाळ्यानंतरचं परीक्षण

सुदामानगरातल्या बंगल्यामागचं हे टर्फचं, म्हणजे कृत्रिम गवताचं, कोर्ट १२ मीटर बाय ६ मीटरचं. मुलांचं टेनिस बॉल क्रिकेट आणि मोठ्यांचं घरगुती बॅडमिंटन एवढाच हेतू. पूर्ण मापाच्या बॅडमिंटनला १३.४० बाय ६.१० मीटर लागतात, तेवढी लांबी इथे नव्हती. मे महिन्यात घातलं, पाऊस सरल्यावर तपासलं. गवताचं काम फार चांगलं झालंय. त्याखालचं काम अपुरं आहे, आणि माळव्याच्या काळ्या मातीत खरा पैसा खालीच घालावा लागतो.

आधी चांगलं. टर्फ १५ मिलिमीटर उंचीचं, तंतूंमध्ये वाळू भरायचं निवडलं. बागेसाठी मिळतं ते ३५-४० मिलिमीटरचं लुसलुशीत गवत खेळायला घातलं की बॉल टप्पा घेत नाही, जागीच बसतो. पिकलबॉलसाठी मात्र हेही टर्फ घेऊ नका; त्या हलक्या प्लास्टिकच्या बॉलला काँक्रीटवर अॅक्रिलिक रंगाचा कडक थरच हवा.

मालकांनी २० फूट रुंदी सांगितली होती, ठेकेदाराने ती ६ मीटर करायला लावली. हा शहाणपणा दाद देण्यासारखा आहे. रोल २ मीटर रुंद, म्हणजे तीन पट्टे नेमके बसतात. २० फूट म्हणजे ६.१० मीटर, त्या १० सेंटीमीटरसाठी चौथा रोल कापावा लागला असता आणि काठाची तीच चिंधी सगळ्यात आधी उखडली असती. दोन सांधे, मिळून २४ मीटर. रोलची कारखान्यातली कड कापून, खाली ३० सेंटीमीटरची जोडपट्टी आणि दोन घटकांचा पॉलियुरेथेन गोंद. मीटरला साधारण अर्धा किलो जातो. सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं तरी कड लागत नाही. तिन्ही पट्ट्यांचे तंतू एकाच दिशेला झुकलेत, म्हणून उन्हात एक पट्टा फिका, एक गडद असं दिसत नाही.

आता दुखणं. मोगऱ्याच्या आळ्याकडची कड सुमारे दीड इंच वर उचलली गेली आहे, टर्फला तिथे लाट आलीय आणि त्या लाटेच्या अलीकडे परातीएवढं डबकं साचतं. काळी माती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आक्रसून भेगाळते. मे महिन्यात ती सगळ्यात आकसलेली असते. त्यावर कोर्ट बांधलं की पावसाळ्यातली सगळी फूग वरच येणार. त्यात आळ्याला रोज पाणी, म्हणजे एक बाजू कायम ओली आणि मध्यभाग कोरडा. कड उचलणारच होती.

खणलं होतं फक्त ७ इंच: ४ इंच मुरुम, ३ इंच गिट्टी. इथे निदान १५ इंच काळी माती काढायला हवी. ७२ चौरस मीटरला ती जवळपास ९७० घनफूट होते. मोकळी झाली की पाव पटीने वाढते, म्हणजे १०० घनफुटांच्या बारा ट्रॉल्या. हा फेऱ्यांचा खर्च वाचवायला बहुतेक कामं ७ इंचांवर थांबतात. १५ इंच खणल्यावर तळाशी जिओटेक्स्टाइल (माती आणि भराव वेगळा ठेवणारं जाड कापड), त्यावर ९ इंच मुरुम तीन-तीन इंचांच्या थरात, हलकं पाणी मारून प्लेट कॉम्पॅक्टरने दाबलेला. वर ६ इंच गिट्टी आणि शेवटी दीड इंच चुरी, म्हणजे दगडाचा बारीक चुरा. सगळा मुरुम एकदम ओतून वरून धुरमुस मारला तर खालचा थर पोकळच राहतो. बेरीज १६.५ इंच, म्हणजे कोर्ट अंगणापेक्षा दीड इंच वर राहतं आणि बागेचं पाणी आत येत नाही. उतार १०० ला १, म्हणजे ६ मीटर रुंदीत ६ सेंटीमीटर. टर्फ अंथरण्याआधी चुरीवर ३ मीटरची सरळ पट्टी फिरवा आणि नळीने पाणी सोडून पाहा. इथे ही तपासणी झाली नव्हती. "बारिश के बाद सेट हो जाएगा" हे ऐकून पुढे जाऊ नका. काळ्या मातीत पावसानंतर काही सेट होत नाही, हलतं.

वाळूतही काटकसर झाली. १५ मिलिमीटरच्या टर्फमध्ये १२ मिलिमीटर वाळू हवी. ७२ चौरस मीटरला ती सुमारे १३०० किलो, ५० किलोची २६ पोती. इथे १६ आली. स्टीलची पट्टी उभी खुपसली तर सात मिलिमीटरवर बूड लागतं, आणि बॉलर पाय टाकतो तिथले तंतू आडवे झालेत. वाळू धुतलेली, सुकी, गोल दाण्याची सिलिकाच घ्या. बांधकामाच्या नर्मदेच्या रेतीतला गाळ टर्फखालची पाणी जायची भोकं बुजवतो.

दुरुस्ती शक्य आहे. आळं पाच फूट मागे न्यायचं, कोर्टाच्या त्या कडेला तीन फूट खोल चर खणून ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद उभा लावायचा, मग त्या बाजूचा पट्टा सोडवून खालचा भाग पुन्हा भरायचा. उरलेली दहा पोती वाळू सुक्या दिवशी तीन-चार हप्त्यांत पसरून कडक ब्रशने तंतूंच्या उलट दिशेने घालायची. ओली वाळू वरच गोळा होते.

जाळीचे खांब १० फुटी आहेत, पाया दीड फूट. दोन खांब आताच कललेत. तीन फूट तरी हवा होता.

कोटेशन चौरस फुटाच्या एकाच भावात होतं. असं घेऊ नका. खोदाई, मुरुम, गिट्टी, टर्फ, गोंद, वाळू यांचे आकडे वेगळे लिहून मागा. टर्फची हमी रंग आणि तंतूंपुरती असते, जमिनीची कुणी देत नाही. काम दिवाळीनंतर काढा: माती तेव्हा ना चिंब ना भेगाळलेली, आणि दुपारच्या कोरड्या हवेत गोंद नीट धरतो.