एल ओटा की समोरासमोर दोन ओटे?
सोलापुरात स्वयंपाकघर आखताना आधी ठरवा: भाकरी कुठे थापणार आणि पाणी कुठे साठवणार? नळ रोज येत नाही. एल ओट्यात गॅस एका भिंतीला, सिंक दुसरीला. मधली जमीन मोकळी राहते. पिंप मावतं, कडक भाकऱ्यांचा घाट घातला तर दोघी ऐसपैस बसतात. कोपरा मात्र वाया जातो (कुकरच्या शिट्ट्या तिथेच सापडतात).

समोरासमोरच्या ओट्यांत नुसतं वळलं की सगळं हाताशी. पण 2-2 फुटांचे ओटे आणि मध्ये 4 फूट धरले, तर खोली 8 फूट रुंद हवी. शिवाय मे महिन्यात पारा 40 अंशांपुढे गेला की त्या बोळात उभं राहवत नाही. मी एलच निवडेन, गॅसजवळ एक्झॉस्ट फॅन लावून.