गॉगलच्या काचा घरी कापायला रोटरी टूल: घ्यावं की नाही?

सरळच सांगतो, जुन्या गॉगलच्या फ्रेममध्ये नवी काच बसवायचीय आणि ती कापायला म्हणून हे टूल (हातात धरून छोटी बिटं जोरात फिरवणारं मशीन) घेणार असाल तर घेऊ नका, काच घासायला म्हणून घ्या. बॉक्सवर चित्रं सगळी कटिंगची असतात, ठिणग्या उडतायत, पाइप कापतोय वगैरे, पण गॉगलच्या काचेच्या बाबतीत ह्या मशीनचं खरं काम शेवटच्या दीड-दोन मिलिमीटरचं आहे, आणि तेवढं काम ते इतकं चोख करतं की कानशीने तासभर घासत बसणाऱ्याने एकदा हातात घेतलं की परत कानशीकडे जाणार नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. दीड का कापला ते पुढे येईलच.

आधी टूलबद्दल. वायरवालं घ्या, स्पीड कमीजास्त करता येणारं. साधारण ५,००० ते ३५,००० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला तितक्या फेऱ्यांची, रेंज असते आणि लोक ३५,००० बघून खूश होतात, आपल्याला मात्र खालचा आकडा बघायचा. जे टूल १०,००० च्या खाली उतरतच नाही ते ह्या कामासाठी बाद. अर्ध्या इंचाचा सँडिंग ड्रम (सँडपेपर चढवलेलं छोटं नळकांडं) ५,००० वर फिरवला तरी त्याची कड सेकंदाला तीन मीटरच्या वर धावते, ३०,००० वर तेच वीस मीटर होतं, आणि प्लास्टिकला वीस मीटर म्हणजे शुद्ध भट्टी. दुसरं म्हणजे स्वस्तातल्या टूलचा आवाज लोड आला की बसतो, मग आपण स्पीड वाढवतो, मग हात जरा हलका झाला की मशीन एकदम पळतं आणि काचेला खड्डा. म्हणून लोडवर स्पीड धरून ठेवणारं असेल तर बरं. आणि चावीशिवाय आवळायचा चक मिळतो तो सोयीचा आहे खरा पण त्यात बिट किंचित थरथरतं, ह्या कामात ती थरथर कडेवर लगेच उमटते, तेव्हा बिट घट्ट धरणारं ३.२ मिमीचं साधं कोलेटच वापरा.

आता काच कशाची आहे हे माहीत नसताना टूल चालूच करू नका. पॉलिकार्बोनेट असेल तर ते थर्मोप्लास्टिक, गरम झालं की मऊ पडतं, साधारण १५० अंशाला ढिलं होतं आणि ड्रमखाली ते तापमान यायला वेळ लागत नाही. त्याचा चुरा पडत नाही, लांब कुरळे धागे निघतात आणि ते वितळून कडेला झालरीसारखे चिकटतात. झालर दिसली की समजायचं स्पीड जास्त आहे नाहीतर आपण दाबतोय. सीआर-३९ हे काचांचं दुसरं प्लास्टिक, त्याचं उलट, ते थर्मोसेट, वितळतच नाही, पांढरी बारीक पावडर पडते आणि एक उग्र वास येतो, पण घासायला ते फार गुणी, कड एकदम स्वच्छ निघते. ॲक्रिलिक पॉलिकार्बोनेटपेक्षा आधीच मऊ पडतं आणि वर तडकतं. आणि खरी काच, म्हणजे ग्लास, तिच्या नादाला लागूच नका, टफन केलेली असेल तर कडेला बिट लागताच तिचे तुकडे होतील.

बॉक्समध्ये येते त्या कटिंग डिस्कने पॉलिकार्बोनेट कापायला गेलं की डिस्क पुढे जाते आणि मागचं प्लास्टिक वितळून परत जुळतं, शिवाय डिस्क सरळ रेषेत चालणार आणि आपल्याला हवा गोल, त्यात काच बाकदार. डिस्क वाकडी झाली की तुटते आणि तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही. ह्यापेक्षा पत्रा कापायची चांगली कात्री घ्या. पॉलिकार्बोनेट इतकं चिवट असतं की पातळ काच कात्रीने बिनातडा कापली जाते, मार्किंगच्या बाहेर दोन मिलिमीटर सोडून कोपऱ्याकोपऱ्याने कापायचं. सीआर-३९ ला मात्र कात्री लावू नका, ते तडकतं, तिथे सुरुवातीपासून ६० ग्रिटचा (आकडा लहान तितका खरखरीत) ड्रम लावून सावकाश उतरवायचं. आणि पातळ थरांची ती स्वस्त पोलराइज्ड, म्हणजे चकाकी अडवणारी, काच असते, टीएसी म्हणतात ती, कात्रीने कापली की थर सुटतात आणि कडेला चंदेरी फोड दिसायला लागतो, तो वाढतच जातो. तीही ड्रमवरच.

मार्किंगसाठी जुनी काच हाच सगळ्यात चांगला फर्मा. नव्या काचेला दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप लावा (मिरर कोटिंग असेल तर डबल लावा), जुनी काच वर ठेवून बारीक मार्करने कड काढा आणि तेव्हाच टेपवर नाकाची बाजू, वरची बाजू आणि डावी-उजवी लिहून टाका, कारण कापल्यावर दोन्ही काचा सारख्याच दिसतात. पण त्याआधी बाक जुळतोय का बघायचं. गॉगलच्या काचांना बेस कर्व्ह असतो, कानापर्यंत वळणाऱ्या स्पोर्ट्स गॉगलला बहुतेक ८, साध्यांना ६ किंवा ४. आठचा म्हणजे साधारण ६६ मिमी त्रिज्येचा गोल, सहाचा ८८. जुनी काच नव्या काचेच्या पोटात ठेवून बघा, मध्ये टेकून कडा उचलल्या किंवा कडा टेकून मध्ये फट दिसली तर ती काच सोडून द्या. आकार कितीही तंतोतंत घासला तरी चुकीच्या बाकाची काच फ्रेममधून उडी मारते, एक कोपरा बसवला की दुसरा बाहेर. अजून एक, दुसऱ्या मोठ्या गॉगलची काच घेऊन त्यातून लहान काढत असाल तर एका कोपऱ्यातून काढू नका. चांगल्या बाकदार काचांची जाडी मध्यापासून कडेकडे मुद्दाम कमी होत जाते, मध्य सरकला की नंबर नसलेली काचसुद्धा चित्र थोडं बाजूला ढकलते आणि डोकं धरतं.

पोलराइज्डला तर कोन सगळ्यात महत्त्वाचा. रस्त्यावरून, पाण्यावरून येणारी चकाकी बहुतांशी आडव्या दिशेची असते आणि काच तीच अडवते. काच १० अंश फिरून बसली तर त्यातली साधारण ३ टक्के चकाकी आत येते, २० अंशाला जवळजवळ १२ टक्के, आणि दोन काचा वेगवेगळ्या फिरल्या असतील तर एका डोळ्याला चमकतं एकाला नाही. कापण्याआधी ओरिजिनल गॉगल आणि नवी काच एकामागे एक धरून फिरवा, सगळ्यात काळं होतं तो काटकोन, तिथून ९० अंश परत फिरवून टेपवर आडवी रेघ मारून घ्या.

आता ते दीड मार्क. फुल फ्रेमच्या आत खाच असते आणि काचेच्या कडेला त्या खाचेत बसणारा कंगोरा लागतो. चष्म्याच्या दुकानात हे काम डायमंड चाकांचं मशीन करतं, काच धरून फिरवणारंही तेच, आपल्याकडे एका हातात काच एका हातात टूल. कंगोरा काढायला आधी १२० ग्रिटने कड सपाट करून घ्यायची, मग ड्रम तिरका धरून पुढून थोडं, मागून जरा जास्त, म्हणजे शिखर पुढच्या बाजूला जातं आणि काच फ्रेमच्या बाहेर डोकावत नाही. ड्रम ज्या दिशेने फिरतो त्याच्या विरुद्ध काच सरकवायची, नाहीतर ड्रम काच पकडून कडेवरून धावत सुटतो आणि सुंदर गोलाईत एक चपटा डाग पडतो. टूल हातात धरण्यापेक्षा ते शिकंज्यात आवळून दोन्ही हातांनी काच फिरवली तर काम दुप्पट चांगलं होतं, हे मात्र बॉक्सवर कुठेच लिहिलेलं नसतं. तरीही मशीनसारखा एकसारखा कंगोरा हाताने येत नाही, जवळून बघितलं तर लाट दिसतेच. फ्रेमच्या आत लपते म्हणून चालतं इतकंच.

घासायचं, लावून बघायचं, परत घासायचं. स्क्रूवाली मेटल फ्रेम बरी, स्क्रू आवळताना किती फट राहते त्यावरून अजून किती काढायचं ते कळतं. प्लास्टिक फ्रेमला कोमट पाण्यात बुडवून नरम करून काच दाबायची. घट्ट बसली म्हणजे छान बसली असं नाही हां. मोबाइल किंवा लॅपटॉपची पांढरी स्क्रीन लावा, समोर फ्रेम धरा आणि दुसऱ्या पोलराइज्ड गॉगलमधून बघा (बसवलेली काच साधी असेल तरच हे जमतं). एखाद्या कोपऱ्यात रंगीत पट्टे दाटून आले असतील तर तिथे काचेवर ताण आहे, तिथलं अजून कणभर काढा. थोडेफार रंग मोल्डिंगचे असतातच, ते काच मोकळी असतानाही दिसतात, म्हणून बसवण्याआधी एकदा बघून ठेवायचं. ताण तसाच ठेवला तर पॉलिकार्बोनेटच्या कडेला केसासारख्या चिरा येतात, विशेषतः उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवला तर.

टेपचा चिकटा काढायला ॲसिटोन किंवा थिनर अजिबात नको, पॉलिकार्बोनेट तिथल्या तिथे धुरकट होतं. साबणाचं पाणी बास. मास्क आणि सेफ्टी चष्मा लावा, सैल हातमोजे घालू नका, फिरत्या बिटाजवळ ते उघड्या हातापेक्षा धोक्याचे.

यूव्हीबद्दल लोक उगाच घाबरतात. कड घासल्याने यूव्ही संरक्षण जात नाही, पॉलिकार्बोनेट स्वतःच बहुतेक यूव्ही शोषून घेतं. बघायचं ते काच विकत घेताना, त्यावर यूव्ही४०० (४०० नॅनोमीटरपर्यंतचे यूव्ही किरण अडवते) आहे का ते. नुसती काळी आणि यूव्ही न अडवणारी काच वाईट, कारण अंधारामुळे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि आत यूव्ही जास्त जातं. आणि कॅटेगरी ४ ची, म्हणजे ३ ते ८ टक्केच उजेड सोडणारी काच गाडी चालवताना लावायची नसते, तेव्हा जास्त काळी ती जास्त भारी असं समजून घेऊ नका.

नंबरची काच असेल तर हा उद्योग सोडा आणि चष्मेवाल्याकडे द्या, तिथे मध्यबिंदू मिलिमीटरच्या हिशोबात बसवावा लागतो. अर्ध्या फ्रेमचा, खालून नायलॉनच्या दोऱ्याने धरलेला गॉगलसुद्धा त्याच्याकडेच, ती बारीक खाच काचेच्या कडेत हाताने पाडणं ह्या टूलच्या आवाक्यातलं नाही, कितीही पातळ डिस्क लावा. बाकी साधी फुल फ्रेम, साधी पॉलिकार्बोनेट काच आणि ओरखडे पडलेला आवडता गॉगल असेल तर घ्या बिनधास्त, फक्त १२० ग्रिटचे ड्रम जास्तीचे घेऊन ठेवा, सोबत येतात ते वितळलेलं प्लास्टिक भरून लवकर गुळगुळीत होतात.