ज्यानं पत्ते टाकले त्याच्याकडे बघा

ऑनलाइन पोकरच्या एका खाजगी क्लबात मी कसा लुटला गेलो, त्याचा हा हिशेब. एकूण भरलेले २,४००. त्यातले परत मिळाले १५०. क्लबच्या खात्यात अडकून पडलेत ५८५. उरलेले १,६६५ टेबलावर गेले, ११ रात्रींत आणि साधारण २,३०० डावांत. खेळ सहा जणांचा नो-लिमिट होल्डेम पोकर, ब्लाइंड (दर डावाआधी दोघांनी लावायचीच रक्कम) १ आणि २, बाय-इन (टेबलावर बसायची रक्कम) २००, चिपचा हिशेब एकास एक. आकडे आधीच देतोय, म्हणजे "किती गेले?" हा प्रश्न उरणार नाही. हा प्रश्न विचारणाऱ्याच्या आवाजात जी मजा असते ती ऐकून आता कंटाळा आलाय.

हे खाजगी क्लब कसे चालतात ते बहुतेकांना माहीत आहेच. अ‍ॅपवाला म्हणतो, आमच्या चिप्स खेळण्यातल्या. क्लबवाला टेबलं लावतो. मधला एजंट अ‍ॅपच्या बाहेर पैसे घेतो, आत चिप्स टाकतो आणि आठवड्याला हिशेब करतो. दुसऱ्या आठवड्यात मी १५० काढायला सांगितले, ते वीस मिनिटांत आले. त्या वीस मिनिटांवर माझा पुढचा सगळा विश्वास उभा होता. छोटी रक्कम झटकन परत देणं हा त्यांचा जाहिरातखर्च असतो. हे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडलं असतं तर मीच त्याला सांगितलं असतं.

मला खेळ येत नव्हता असं कुणी म्हणू नये. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ६० आहेत, समोरच्यानं ३० लावले, तर तेवढेच भरून पाहायला किमान २५ टक्के संधी लागते, हे मला झोपेतही सांगता येतं. दोन एक्के २२१ डावांत सरासरी एकदा येतात, हातात जोडी असली तर फ्लॉपवर (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांत) तसाच तिसरा पत्ता जेमतेम १२ टक्के वेळा लागतो, हेही ठाऊक आहे. आणि नेमकं हेच ज्ञान नडलं. ज्याला चढउताराचं गणित कळतं तो हरला की स्वतःची समजूत फार छान काढतो. सहा जणांच्या टेबलावर १०० डावांमागे चढउतार ८० ते १०० बिग ब्लाइंडचा धरतात. तो डावांच्या वर्गमुळानं वाढतो, म्हणून २,३०० डावांना साधारण ४३० ब्लाइंड होतो, म्हणजे ८६० चिप्स. माझ्या १,६६५ मधून क्लबचा रेक (पॉटमधून कापला जाणारा हिस्सा) २३६ वजा केला तरी एवढी हार शंभर सरळमार्गी खेळाडूंतल्या चार-पाच जणांच्या वाट्याला नुसत्या नशिबानं येऊ शकते. मी म्हटलं, त्या चार-पाचांतला मी. लबाडाला लपायला याहून चांगली जागा नाही. इतर कुठल्या धंद्यात सतत पैसे जात राहिले तर माणूस विचारतो "चोर कोण?" पोकरमध्ये विचारतो "मी कुठे चुकलो?"

संशय घ्यायचाच तर आपण पत्ते वाटणाऱ्या यंत्रावर घेतो. शेवटच्या पत्त्यावर हरलेला प्रत्येक जण म्हणतो की अ‍ॅपच सेट आहे. पण क्लबवाल्याला पत्ते सेट करायची गरजच काय? पत्ते सरळ वाटले जात होते. खुर्च्या सरळ नव्हत्या.

टेबलावरची दोन खाती आतून एकमेकांना सामील होती, त्यांना क आणि ख म्हणतो. त्यांनी केलं ते पूर्ण सांगतो, कारण "दोघं मिळून खेळत होते" एवढ्यानं कुणालाच काही कळत नाही. लोकांना वाटतं, एकमेकांचे पत्ते सांगितले की मोठा फायदा होतो. तो फायदा असतो, पण बारीक. समजा माझ्याकडे बदामाच्या फ्लशची (पाच बदाम जमण्याची) संधी आहे, टर्न म्हणजे चौथा पत्ता उघडलाय आणि शेवटचा पत्ता यायचाय. माझ्या हिशेबानं न दिसलेल्या ४६ पत्त्यांत ९ बदाम, म्हणजे १९.६ टक्के. त्या दोघांच्या चार पत्त्यांत दोन बदाम असले तर खरी संधी ४२ मध्ये ७, म्हणजे १६.७. टक्के तीनच सरकले, कधी ते उलट बाजूलाही सरकतात, पण कुठे सरकले हे दर वेळी त्या दोघांनाच कळतं.

गळा कापते ती कात्री. हा एक डाव बघा. माझ्याकडे दोन राण्या, बदाम आणि इस्पिक. माझ्या आधी क नं ६ लावले. मी २०. माझ्या मागे बसलेल्या ख नं ५२. बाकीचे बाहेर. परत क ची पाळी आली, त्यानं सरळ समोरचे सगळे २०० लावले, ऑल-इन. आता दोन राण्या घेऊन दोन बाजूंनी एवढा जोर आल्यावर शहाणा माणूस काय करतो? टाकतो, डाव सोडतो. मीही टाकल्या. मग ख नं पण टाकले. पॉट क ला, पत्ते कुणाचेच उघडले नाहीत. माझे २० गेले. ख चे ५२ गेले खरे, पण ते घरातल्या घरात. एका खिशातून दुसऱ्या खिशात. मधल्याचे २० आणि ब्लाइंड, एवढीच त्या डावाची कमाई, आणि त्यासाठी दोघांपैकी एकाकडेही चांगले पत्ते असण्याची गरज नाही. असं माझ्याबाबतीत ३१ वेळा झालं, त्यात ५७४ गेले. एकाही वेळी मला वाटलं नाही की मी चुकीचा खेळलो. वाटणार कसं, दर वेळी बरोबरच खेळलो होतो.

आता ती सातवी रात्र. हे लिहितानाही कान गरम होतायत.

त्या रात्री कात्रीत मी नव्हतो, दुसराच कुणीतरी होता. त्याच क्रमानं सगळं झालं, ख चे ४८, क चं ऑल-इन. पण मधल्या माणसानं पत्ते टाकले नाहीत, कारण त्याच्याकडे दोन एक्के होते. ख नं नेहमीप्रमाणे ४८ सोडून दिले. पत्ते उघडले. क कडे किलवरची अठ्ठी आणि चौकटची तिर्री.

अठ्ठी-तिर्रीवर २०० ऑल-इन. माझ्या डोळ्यांसमोर. मी काय केलं? हसलो. मनात म्हटलं, असा मासा टेबलावर असताना उठायचं कशाला, आणि त्याच रात्री आणखी २०० भरले. आठवा बाय-इन.

मी क कडे बघत बसलो. वेडेवाकडे पत्ते घेऊन उडी मारणारे दर टेबलावर असतात, त्यात विशेष काही नाही. बघायला हवं होतं ख कडे. ज्याच्याकडे ४८ लावण्याइतके पत्ते आहेत, त्यानं क समोर ते सोडले का? बरं, एकदा सोडले असतील. पण क अठ्ठी-तिर्रीवर ऑल-इन करतो हे ख नंही त्या रात्री पाहिलं होतं. त्यानंतर त्याच रात्री ख नं आणखी चार वेळा क च्या ऑल-इनसमोर मुकाट्यानं पत्ते टाकले. असं जगातला कुठलाच खेळाडू करत नाही. मी तरी केलं असतं का? ऑल-इन करणाऱ्याचे पत्ते कधीतरी उघडतात. टाकणाऱ्याचे कधीच उघडत नाहीत, म्हणून नजर तिथे ठेवायची.

अकराव्या रात्रीनंतर दिसत होत्या तेवढ्या डावांची नोंद उतरवून घेतली. हे कुणालाही करता येतं. दोन संशयित खाती घ्या आणि फ्लॉपनंतर फक्त ते दोघंच उरलेले डाव वेगळे काढा. माझ्याकडे असे ६१ निघाले. त्यातल्या ५४ डावांत शेवटपर्यंत चेक, चेक, चेक, म्हणजे काहीच न लावता पुढे. समोरच्यानं लावलेल्यावर आणखी चढवणं, म्हणजे रीरेज, एकदाही नाही. तिसरा कुणी आत असला की हेच दोघं वाघ. यापलीकडे पुरावा लागत नाही खरं तर. तरी आणखी बघितलं. दोघं टेबलावर यायचे दोन-तीन मिनिटांच्या अंतरानं आणि उठायचे तसेच. माझी पाळी झाल्यावर दोघांनाही सारखाच वेळ लागायचा, सोपा निर्णय असो की अवघड. आणि मी टेबल बदललं की अर्ध्या तासात त्यातला एक हजर.

हा हिशेब पन्नास डावांवर होत नाही, निदान हजार तरी हवेत. आणि नोंद त्याच रात्री उतरवा, कारण क्लबमधून काढलं की जुने डाव दिसेनासे होतात. उशीर केल्यानं माझ्या पहिल्या दोन रात्रींचे डाव हाती लागलेच नाहीत.

टेबल लावताना एकाच आयपीवरून, म्हणजे एकाच नेट जोडणीवरून, दोघांना मनाई आणि जीपीएस तपासणी असे पर्याय असतात. ते चालू ठेवायचे की बंद, हे क्लबवाल्याच्या हातात. आमच्या टेबलावर दोन्ही बंद होते, टेबलाच्या माहितीत तसं दिसतही होतं, मी बघितलं नाही. बंद असतील तर बसू नका. चालू असतील तरी फार हुरळू नका, दोन घरांतून दोन फोन आणि मध्ये एक कॉल, एवढ्यानं ते निकामी होतात.

मग सुरू झाली ती तक्रारींची वारी. अ‍ॅपच्या मदत विभागाला ६१ डावांची यादी जोडून पाठवली. नवव्या दिवशी उत्तर आलं की आमच्या चिप्सना पैशाचं मूल्य नाही, कृपया क्लबशी संपर्क साधा. यादी कुणी उघडलीच नव्हती. क्लबवाला म्हणाला, पैसे मी घेतलेच नाहीत, एजंटशी बोला. एजंटकडे ५८५ मागितले तर म्हणाला की काढायच्या आधी रकमेच्या पाचपट खेळून दाखवावं लागतं. १५० काढताना हा नियम कुठे होता? "तेव्हा नव्हता." पुढच्या मेसेजनंतर मी क्लबच्या बाहेर.

बँकेत गेलो. त्यांनी विचारलं, पासवर्ड कुणी टाकला? मी. मग ही फसवणूक कशी? पैसे तीन वेगवेगळ्या व्यक्तींच्या खात्यांवर गेलेत, खातं मध्येच बदलायचं, हे दाखवलं. "तुम्हीच पाठवलेत ना?" एवढंच पुन्हा. पोलिसांकडे तर पहिलं वाक्यही पूर्ण झालं नाही. जुगारात हरलात आणि तक्रार करताय? समजावलं की हरलो म्हणून नाही आलो, दोघांनी संगनमत केलं म्हणून आलोय, आणि ५८५ तर हरलेलेही नाहीत, ते माझ्या नावावर दिसतायत. समोरच्यानं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, कात्री म्हणजे काय? मी कागदावर सहा खुर्च्या काढून समजावलं. तो ऐकत होता, अगदी मन लावून. मग म्हणाला, डोकं भारी लावलंय हो त्यांनी. तक्रार काही घेतली नाही. एकूण १४ मेल, चार फेऱ्या, आणि प्रत्येक जण दुसऱ्याचं दार दाखवणारा. चोरापेक्षा या लोकांचा राग जास्त येतो. चोरानं निदान काम तरी केलं.

"मोठ्या साइटवर खेळायचं ना" असं सांगणारे भेटतात. ॲब्सोल्यूट पोकर मोठीच साइट होती. २००७ मध्ये तिथे काही खात्यांना सगळ्यांचे झाकलेले पत्ते दिसत होते, आणि ते पकडलं कंपनीनं नाही, खेळाडूंनी. एकानं स्पर्धेतल्या डावांची नोंद मागितली, कंपनीनं चुकून सगळ्यांच्या पत्त्यांसकट आणि आयपी पत्त्यांसकट फाइल पाठवून दिली, तेव्हा बिंग फुटलं. कंपनीनं आधी साफ नाकारलं होतं. तिला परवाना देणाऱ्या, कॅनडातल्या कानावाके गेमिंग कमिशननं नंतर तिला ५ लाख डॉलरचा दंड केला. फुल टिल्ट तर त्याहून मोठी. १५ एप्रिल २०११ ला अमेरिकेत कारवाई झाली आणि पुढे सरकारनं सांगितलं की खेळाडूंचं देणं सुमारे ३९ कोटी डॉलर आणि बँकेत होते ६ कोटी. स्क्रीनवरची शिल्लक म्हणजे पैसे नव्हेत. जिंकलात की त्याच आठवड्यात सगळे काढा. नकार किंवा नवा नियम आला की "एवढा टर्नओव्हर (सांगितलेल्या रकमेचा खेळ) करून बघू" असं म्हणत आणखी एक चिपही लावू नका. एजंट उधारीवर चिप्स देऊ लागला की समजा, तुमचा पिंड त्यानं ओळखलाय.

खेळ वाईट आहे असं मात्र माझ्या तोंडून निघणार नाही. राण्या टाकायच्या की नाही यावर पंधरा सेकंद जी मेंदूला धार येते ती मला दुसऱ्या कशात मिळत नाही, आणि पैसे न लावता खेळलं तर तीही येत नाही. आता ओळखीच्यांत खेळतो, समोरासमोर, पिसणारा दिसतो, रक्कम आधी ठरलेली. पण एक गोष्ट सलते. त्या सातव्या रात्री मी हसलो तो क ला दुबळा समजून. एक अडाणी माणूस पैसे उधळतोय आणि ते मला मिळणार, म्हणून मी बसून राहिलो. तो खरंच अडाणी असता तर मी त्याला उठवलं असतं का? नाही. आणखी पैसे भरून त्याच्या शेजारी बसलो असतो. बसलोच.

तक्रारीच्या अर्जात "फसवणुकीची रक्कम" असा एक रकाना आहे. आधी २,४०० लिहिलं, मग खोडलं. पुन्हा नोंद काढून बसलो. ज्या डावांत क आणि ख दोघंही माझ्या विरुद्ध आत होते ते १४३ डाव, त्यात गेले १,०४२. अधिक अडकलेले ५८५. रकान्यात १,६२७ लिहिलं. उरलेल्या ६२३ मध्ये २३६ पर्यंत रेक, बाकी माझा खेळ.