२९,१८,९८० रुपये आणि दुबईतला दुसऱ्याचा फ्लॅट

एकतीस वर्षं मी बँकेत काढली. समोरच्या माणसाला "खातेदाराचं नाव वाचा, मग सही करा" हे किती हजार वेळा सांगितलं असेल, मोजदाद नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे "शिकलेल्या बाईला एवढंही कळलं नाही?" हा प्रश्न कुणी विचारायला नको. नाही कळलं, आणि दुबईतल्या फ्लॅटच्या नावाखाली मी फसले.

आकडे आधी, कारण घरात आजही आकड्यांवरूनच वाद होतात. डोंबिवलीतल्या सल्लागाराला 'सेवाशुल्क' म्हणून दिलेले १,१८,००० रुपये, जीएसटीसह, पक्की पावती. दुबईला पाठवलेले १,२२,८५० दिरहम, २२.८० च्या भावाने २८,००,९८० रुपये. एकूण २९,१८,९८०. बदलापूरचा प्लॉट विकून आलेले पैसे होते ते.

परदेशातली घरं विकणारी प्रदर्शनं कशी असतात ते तुम्हाला माहीतच आहे. हॉटेलचा हॉल, काचेखाली इमारतीचं मॉडेल, चहा-बिस्किटं आणि "आजच्या आज बुक केलंत तर". जानेवारी २०२४ मध्ये शेजारच्या सोसायटीतल्या बाई मला घेऊन गेल्या. तिथला सल्लागार पस्तिशीचा, अस्सल मराठी बोलणारा, पहिल्या मिनिटापासून "काकू". खोटं असं त्याने फार थोडं सांगितलं, हीच मेख आहे. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, १ डॉलरला ३.६७२५, आणि हा दर १९९७ पासून हललेला नाही, हे खरं. भाड्यावर तिथे आयकर नाही, हेही खरं. (भारतात राहणाऱ्याला तेच भाडं इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं, ते तो बोलला नाही.) दुबईतल्या जुमेरा व्हिलेज सर्कल या वस्तीत परदेशी माणसाला मालकी हक्काने घर घेता येतं, खरं. बांधकाम चालू आहे, खरं. मी दुबई रेस्ट हे तिथल्या जमीन खात्याचं ॲप उतरवून प्रकल्प शोधला. सापडला. बिल्डरही खरा. मग शंका घ्यायची कशावर?

शंका त्या माणसावर घ्यायची होती. तिथे दलालाला रेराचा, म्हणजे तिथल्या घरव्यवहारांच्या सरकारी नियामकाचा, स्वतःचा नंबर लागतो आणि तोही तपासता येतो. त्याने दाखवलेल्या कार्डाचा मी फोटो काढला, नंबर मात्र कुठे टाकून पाहिला नाही. तुम्ही टाका, चहाचा कप हातात असतानाच टाका. नाव आणि कंपनी दोन्ही जुळली पाहिजेत.

एक बेडरूमचा फ्लॅट, ८,४०,००० दिरहम. दहा टक्के बुकिंगचे ८४,०००, जमीन खात्याची चार टक्के नोंदणी फी ३३,६००, आणि वकिलाचे ५,२५०, पाच टक्के व्हॅट धरून. वकील त्यांनीच दिलेला. व्हिडिओ कॉलवर कोट-टाय घालून पाऊण तास तो मला कराराची कलमं समजावत होता. तो खरंच वकील होता की नाही हे आजतागायत मला कळलेलं नाही, पण त्याच्या फीचे पैसे मी त्या सल्लागाराने सांगितलेल्या खात्यात पाठवले, तेव्हाच तो माझा वकील राहिला नव्हता.

आता तो दिवस. २० फेब्रुवारी २०२४, मंगळवार, सकाळी साडेअकरा. मी ज्या बँकेतून निवृत्त झाले तीच बँक, शाखा दुसरी. परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ फॉर्म भरलेला, उद्देशाच्या जागी 'परदेशातील स्थावर मालमत्ता'. काउंटरवरचा मुलगा सव्वीस-सत्तावीसचा असेल. फॉर्म वाचून म्हणाला, "मॅडम, पैसे घेणारी कंपनी ट्रेडिंगची दिसतेय. बिल्डरचं नाव वेगळं आहे ना?"

त्याने विचारलं होतं. नेमकं तेच विचारलं होतं. मी तिथूनच सल्लागाराला फोन लावला. तो हसला. "काकू, ते बिल्डरचं कलेक्शन खातं आहे. एस्क्रोत, म्हणजे प्रकल्पाच्या राखीव खात्यात, भारतातून थेट पैसे गेले तर टॅक्सचा घोळ होतो." आणि हे वाक्य मी, मी, त्या मुलाला जसंच्या तसं ऐकवलं. वर म्हटलं, "मी याच बँकेतून रिटायर झालेय." बिचारा गप्प बसला आणि शिक्का मारला.

असला काही घोळ होत नाही. दुबईत २००७ च्या आठव्या कायद्यानुसार बांधकाम चालू असलेल्या घराचे पैसे त्या प्रकल्पाच्या नावाच्या एस्क्रो खात्यातच भरायचे असतात, आणि आपल्या एलआरएस योजनेतून (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची मुभा) ते तिथे थेट पाठवता येतात. खात्याच्या नावात प्रकल्पाचं नाव नसेल तर उठायचं आणि घरी यायचं. माझ्या एकाच फॉर्मवर, एका रेघेत स्थावर मालमत्ता आणि दुसऱ्या रेघेत ट्रेडिंग. रात्री अडीचला जाग येते तेव्हा तो कागद डोळ्यांसमोर असतो.

पुढचे पाच महिने सगळं गोड. पावती आली, करार आला, बांधकामाचे फोटो दर महिन्याला. 'ऊकूद' कधी मिळणार विचारलं की "प्रोसेसमध्ये आहे काकू". ऊकूद म्हणजे अपुऱ्या बांधकामातल्या घराची तिथल्या सरकारी नोंदवहीतली नोंद. २००८ च्या तेराव्या कायद्याप्रमाणे त्या नोंदीशिवाय केलेली विक्री रद्दबातल असते. हे मला जुलैत कळलं. कुणाकडून? सख्ख्या भाच्याकडून, जो नऊ वर्षं शारजात राहतो. त्याला आधी का विचारलं नाही? कारण त्याचे वडील, आमचे भावोजी, माझ्या प्रत्येक गुंतवणुकीवर जेवताना विनोद करतात. घर ताब्यात आल्यावरच सांगायचं ठरवलं होतं. भाचा सुट्टीच्या दिवशी बिल्डरच्या ऑफिसात गेला आणि अर्ध्या तासात बाहेर आला. तो फ्लॅट डिसेंबर २०२३ मध्येच विकला गेला होता. माझं नाव त्यांच्याकडे कुठेच नव्हतं, आणि असला कुणी दलालही नव्हता.

फोन बंद. डोंबिवलीतल्या ऑफिसात मोबाइल दुरुस्तीचं दुकान.

मग सुरू झाली दुसरी फसवणूक, तिला पावती मिळत नाही. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "पैसे कुठे गेले?" दुबईला. "मग गुन्हा दुबईत घडला." अहो, माणूस इथला, भेटी इथे, १,१८,००० इथेच दिले, सही इथे केली! हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घेता येते असं नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात लिहिलंय, कलम १७३, मी छापून नेलं होतं. "ठेवून जा." तिथून आर्थिक गुन्ह्यांवाल्यांकडे. "एकट्याच का? अजून आठ-दहा जण जमवा, मग वजन येतं." म्हणजे बाकीचे बुडेपर्यंत मी थांबायचं. एकदा तर माझ्यासमोर दोघांची चर्चा रंगली, फसवणुकीचं जुनं कलम ४२० लावायचं की नवं ३१८. अरे, प्रकार फेब्रुवारीतला आणि नवा कायदा १ जुलै २०२४ पासूनचा, म्हणजे जुनंच कलम! मीच सांगितलं. तरीही लावलं कुठलंच नाही. एक साहेब वहीतून डोकं वर न काढता म्हणाले, "काकू, या वयात दुबई कशाला?"

अकरा फेऱ्या झाल्या. बँकेचं उत्तर दोन ओळींचं: व्यवहार ग्राहकाच्या लेखी सूचनेनुसार. खरंय. असली पत्रं मी स्वतः टाइप केली आहेत.

तिकडच्या एका कार्यालयाने ईमेलवर नोंदणीकृत कराराची प्रत मागितली. नोंदणी झालीच नाही, हीच तर तक्रार! तिकडे वकील लावायचा तर मुखत्यारपत्र हवं: आधी नोटरी, मग राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीची वकिलात, त्यानंतर अरबी भाषांतर. नुसतं अपोस्टिल (परदेशात दाखवायच्या कागदावरचा सरकारी शिक्का) तिथे चालत नाही. एका वकिलाने नोटीस पाठवण्याचेच १८,००० दिरहम सांगितले. पैसे जाऊन एक-दोन दिवसच झाले असतील तर बँकेला लगेच रक्कम परत बोलवायला लावा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, आणि स्विफ्टची (परदेशी पैसे पाठवल्याच्या बँकेच्या संदेशाची) प्रत हातात घेतल्याशिवाय बँकेतून हलू नका. मी पाच महिन्यांनी जागी झाले, मला यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं.

पैसे पाठवताना सात लाखांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला होता, ४,२०,१९६ रुपये. तो वेगळा, वरच्या हिशेबात धरलेला नाही. रिटर्न भरल्यावर सप्टेंबरात तो परत आला. बाराव्या फेरीत माझं पासबुक चाळताना हवालदारांना ती नोंद दिसली. "अरे वा, काही रक्कम वसूल झाली की!" म्हणाले, आणि माझ्या अर्जाच्या समासात 'अंशतः वसुली' लिहायला घेतलं. मी त्यांचा हात धरला.