मायलोब्लास्ट की लिम्फोब्लास्ट?

यवतमाळकडच्या आमच्या तालुक्याच्या लॅबमध्ये पावसाळ्यात बहुतेक स्लाइड मलेरियासाठीच बघितल्या जातात. पण ताप हटत नाही, हिरड्यांतून रक्त येतं, अशा पेशंटच्या लिशमन रंगाच्या स्लाइडवर ब्लास्ट, म्हणजे कच्च्या पांढऱ्या पेशी, दिसल्या की रक्ताच्या कर्करोगाची, म्हणजे ल्युकेमियाची, शंका येते आणि पहिला प्रश्न हाच: या पेशी लिम्फोसाइट बनवणाऱ्या लिम्फॉइड वंशाच्या (लिम्फोब्लास्ट) की न्यूट्रोफिलसारख्या इतर पांढऱ्या पेशी बनवणाऱ्या मायलॉइड वंशाच्या (मायलोब्लास्ट)?

लिम्फोब्लास्ट सहसा लहान. केंद्रकाभोवती निळ्या पेशीद्रवाची बारीकशी किनार. लहान मुलांत हाच जास्त. पीएएस नावाच्या खास रंगात त्याच्यात गडद गुलाबी गठ्ठे दिसू शकतात, ते ग्लायकोजेन, म्हणजे पेशीत साठलेली साखर.

मायलोब्लास्ट मोठा, पेशीद्रव जास्त. पण मी शोधतो ती ऑअर काडी: तांबूस, सुईसारखी, कणिका एकमेकींत मिसळून झालेली. तिच्यात मायलोपेरॉक्सिडेज हे एन्झाइम असतं. ती दिसली की पेशी मायलॉइड वंशाची. पऱ्हाटीच्या मोळीसारख्या एकाच पेशीत ढीगभर काड्या दिसल्या, तर ल्युकेमियाच्या प्रोमायलोसायटिक प्रकाराची दाट शंका. त्यात रक्तस्राव झपाट्याने जिवावर बेततो, म्हणून रिपोर्ट टाइप व्हायची वाट न बघता मी डॉक्टरसाहेबांना फोन लावतो.

काडी नसली, तर नुसत्या आकारावर माझा भरवसा नाही. नमुना फ्लो सायटोमेट्रीसाठी (पेशींवरच्या खुणा यंत्राने ओळखायची तपासणी) नागपूरला पाठवलेलाच बरा.