कॉकस की प्रायमरी: आयोवा आणि न्यू हॅम्पशायर

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवताना पक्षाचा सामान्य मतदार दोन प्रकारे भाग घेतो: कॉकस, म्हणजे पक्षाची स्थानिक सभा, आणि प्रायमरी, म्हणजे मतदान केंद्रावरचं नेहमीसारखं मतदान. कुठला प्रकार वापरायचा हे राज्यागणिक बदलतं.

आयोवा राज्यातली डेमोक्रॅटिक कॉकस २०२० पर्यंत अशी चाले: संध्याकाळी सातला शाळेच्या जिममध्ये किंवा चर्चच्या हॉलमध्ये हजर व्हायचं आणि आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उघडपणे उभं राहायचं. गट टिकायला बहुतेक केंद्रांत १५ टक्क्यांची अट असे. म्हणजे हॉलमध्ये २०० जण असतील तर गटात किमान ३० हवेत. २७ भरले, तर बाकीचे गट येऊन मनधरणी करणार, मग दुसरी फेरी. यात दुसरी पसंती वाया जात नसे, शेजाऱ्याशी समोरासमोर वाद घालता येई. पण रात्रपाळीची नर्स किंवा तान्ह्या बाळाची आई यातून सहज वगळली जाई, आणि हे मला फार खटकतं. शिवाय मोजणी पक्षाचे स्वयंसेवक करत. २०२० मध्ये प्रत्येक केंद्राला पहिली फेरी, अंतिम फेरी आणि उमेदवाराच्या वाट्याला आलेल्या प्रतिनिधींचा (पक्षाच्या अधिवेशनात त्याच्यासाठी मत देणाऱ्यांचा) हिशेब असे तीन आकडे कळवायचे होते. अ‍ॅप बिघडलं, फोन लागेनात आणि निकाल कित्येक दिवस रखडला. रिपब्लिकन कॉकसमध्ये मात्र भाषणं झाली की चिठ्ठीवर गुप्त मत.

न्यू हॅम्पशायर राज्यातली प्रायमरी सरकारी यंत्रणा घेते. दिवसभरात कधीही जा, गुप्त मत द्या, निघा. कुठल्याच पक्षात नोंद नसलेला मतदार हव्या त्या पक्षाची मतपत्रिका मागू शकतो. पक्षात नोंद असलेल्याला दुसऱ्याची मिळत नाही. उणीव एकच: तुमचा उमेदवार मागे पडला, तर मत दुसरीकडे वळवता येत नाही.

तरीही निवड करायची तर प्रायमरीच.