फॉरमॅट मारायचा की कॅबिनेट उघडायचं?

पीसी दर अर्ध्या तासाने आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला की नाशकात पहिला सल्ला ठरलेला: "फॉरमॅट मारून टाक," म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाक. सिडकोतल्या घरी मीही तेच केलं. अख्खा रविवार गेला आणि सोमवारी पुन्हा तेच.

फॉरमॅटने फरक पडतो, पण बिघाड विंडोज, ड्रायव्हर किंवा व्हायरसचा असेल तरच. बिघाडाचा निळा स्क्रीन वाचण्याआधीच गायब होत असेल तर सेटिंगमधली 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढा, एरर कोड थांबून दिसेल. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या (विंडोजची घडामोडींची नोंदवही) 'कर्नल-पॉवर ४१' या नोंदीवर फार विसंबू नका. पीसी नीट बंद झाला नाही एवढंच तो सांगतो, का ते नाही.

कॅबिनेट, म्हणजे पीसीचा डबा, उघडायला खर्च शून्य, फक्त आधी विजेची वायर काढायची. माझ्याकडे प्रोसेसरच्या पंख्याखाली, हीटसिंकच्या (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) फटींत, धुळीची चक्क गादी झाली होती. पेंटब्रशने झाडली. रॅमची (मेमरीची) पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसले, 'टक' आवाज येईपर्यंत परत दाबली. एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, मात्र खोलायचा नाही. वायर काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरचा झटका बसू शकतो. शंका असेल तर दुसरा लावून बघावा.

आधी काय? बायोस, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीचा सेटिंगचा स्क्रीन, उघडून पीसी अर्धा तास नुसता ठेवा. तिथेही रीस्टार्ट झाला तर विंडोज निर्दोष, सरळ स्क्रूड्रायव्हर घ्या. झाला नाही तरी हार्डवेअर सुटलं असं नाही, कारण तिथे मशीनवर पूर्ण ताण येत नाही. म्हणून माझं मत कॅबिनेटलाच.